घुमाऱ्याची चोरी

भीमाच्या मनात संशय शिरला की तो पाहुण्यासारखा चार दिवसांत निघून जात नसे, घरजावयासारखा ठाण मांडून बसे. डेअरीतलं दुधाचं फॅट मोजणारं मशीन खोटं बोलतं, शेजाऱ्याचा बांध दरसाल वीतभर सरकतो, असे कितीतरी संशय त्याने पोसून मोठे केले होते. त्यातले एक-दोन खरे निघाले, हेच वाईट झालं.

तीस वर्षं त्याने कोल्हारच्या भजनी मंडळात पखवाज वाजवला. मोटरसायकलवरून पडून डावा खांदा निखळला, तेव्हापासून थाप बसेना. मुलगा अमृत सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला. आठवडाभर तिथं खोलीवर राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. त्याने मंडळाच्या जुन्या कॅसेटी मोबाईलमध्ये उतरवून घेतल्या आणि बाहेरच्या खोलीत ॲम्प्लिफायर नि दोन स्पीकर बसवले. भीमाने पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं.

"ह्यो माझा हात न्हाई. डाव्या तोंडाला कनीक लावायचीच ऱ्हायली व्हय?"

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय खालचा, पोटातला घुमारा निघत नाही. त्या लहानशा स्पीकरांच्या पोटात एवढा खोल आवाज मावत नव्हता. तेव्हा फक्त खालचा आवाज काढणारं खोकं, म्हणजे सबवूफर, घ्यायचं ठरलं.

नगरच्या दुकानदाराने सगळ्यात मोठं खोकं लावून बॉम्बस्फोट ऐकवले. दुकानाची काच थरथरली. "हे बंद करा," भीमा म्हणाला. "बॉम्ब कंचा बी फुटतो. माझा पखवाज लावा." चार खोकी ऐकून त्याने मधलं, सगळीकडून बंद असलेलं निवडलं. त्यात थाप पडायची आणि जागच्या जागी थांबायची, मागे शेपूट राहायचं नाही. दुकानदार म्हणाला, "मामा, कान आहे तुम्हाला." एवढी स्तुती करतोय म्हणजे खोकं बदलून देणार, असं वाटून ते टेम्पोत चढेपर्यंत भीमाने त्याच्यावरचा हात काढला नाही.

अमृतने ते स्वयंपाकघराच्या भिंतीलगत कोपऱ्यात बसवलं, मागचं बटण फिरवून आवाज जुळवला आणि तो सुप्याला गेला. सोमवारी भीमा खोलीच्या मधोमध, पंख्याखाली आपल्या खुर्चीत बसला. पखवाज सुरू झाला. घुमारा नाही!

तेवढ्यात आतून सून निकिता म्हणाली, "मामा, जरा बारीक करा की. मांडनीवरची भांडी वाजत्यात."

"कसला आवाज? हितं तर घुमाऱ्याचा पत्ता न्हाई."

"आवो, छातीत धडधडतंय मला."

निकिता गेली तीन वर्षं नवऱ्याला सुप्याला एकटं ठेवून इथं राहिली होती, ती भीमासाठीच. त्याची बायको गेलेली, दोन वेळचं करून घालायला कोणी नव्हतं. हे सगळं भीमाला ठाऊक होतं. पण संशयाला उपकार कुठे दिसतात? तिला आवाज नको आहे, म्हणून झाडताना ती मागचं बटण फिरवते, अशी त्याची खात्री झाली. घुमारा जातोय म्हणजे कोणीतरी नेतंय. घरात दोघंच, त्यातला एक मी.

त्याने कनवटीची चुन्याची डबी काढली आणि बटणावरून खाली खोक्यावर येईल अशी बारीक रेघ ओढली. बटण हललं की रेघ तुटणार. दुसऱ्या दिवशी रेघ शाबूत, घुमारा गायब. तिसऱ्या दिवशीही तेच. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. भीमाला मात्र वाटलं, पोरगी दिसते त्याहून पोचलेली आहे. भजन चालू असताना ती आत मोबाईलवर बोटं फिरवते, हे त्याने दोनदा पाहिलं होतं. हल्ली सगळं मोबाईलवरनं बारीक होतं म्हणे.

शनिवारी अमृत आला. पायातले बूटही काढू दिले नाहीत, भीमाने गाऱ्हाणं मांडलं. अमृत हसला, तशी निकिता दारात आली. ती हसत नव्हती.

"मी हातसुदीक लावला न्हाई, मामा."

"मग भगवतीची शपथ घे."

कोल्हारात ग्रामदेवी भगवतीची शपथ ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. अमृतचा चेहरा उतरला.

"घेते," निकिता म्हणाली. "पन शपथ घ्यावी लागली, तर मंग या घरात माझा शबूद ऱ्हायला न्हाई. मी यांच्यासंगं सुप्याला जाते. आन त्याआधी एक करा. आत येऊन ऐका."

भीमा उंबऱ्याशी अडला. सून कामात असताना सासऱ्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. पाणी हवं तर तो उंबऱ्याबाहेर खाकरायचा आणि तांब्या बाहेर यायचा. तीन वर्षांत त्याने आतली मांडणी धड पाहिली नव्हती. पण आता माघार घेतली तर आपणच खोटे पडू, असं वाटून तो उंबरा ओलांडून आत गेला. अमृतने बाहेर पखवाज लावला.

पहिलीच थाप ओट्यातून वर आली. ताटं किणकिणली. दुसरी त्याच्या छातीत बसली. तो त्याचाच हात होता, वीस वर्षांपूर्वीचा, धडधाकट. भीमाचे डोळे भरून आले. चौथ्या थापेला मात्र त्याची नजर किणकिणणाऱ्या ताटांवर गेली. पोरीचा शब्दन्‌शब्द खरा होता.

निकिता तोवर बाहेर जाऊन त्याच्या खुर्चीत बसली होती. "हितं खरंच काय न्हाई वो," ती आश्चर्याने म्हणाली. म्हणजे तिलाही वाटत होतं, म्हाताऱ्याचे कान गेले.

अमृतने दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, खोलीत खालचा आवाज कुठे साचतो, कुठे आपोआप मरतो, त्यात चोर कोणी नसतो. खोकं उचलून खुर्चीवर ठेवा, गाणं लावा आणि खोलीभर भिंतीकडेने रांगत ऐका. जिथं छान घुमेल तिथं खोकं न्या, की खुर्चीत तसंच ऐकू येईल.

"रांगायला लावतोय मला?" भीमाला दुकानदाराचाही संशय आला. पण घुमारा ओळखणारा कान घरात एकच होता. धोतर खोचून, दुखरा खांदा सांभाळत सहासष्ट वर्षांचा भीमा भिंतीकडेने रांगू लागला. कोपऱ्यात आवाज मेलेला, दाराजवळ फुगलेला. खिडकीखाली तो थांबला. थाप पडली आणि जागच्या जागी थांबली.

"हितं," तो म्हणाला.

खोकं तिथं आणलं. खुर्चीत घुमारा आला, अगदी नगरच्या दुकानातल्यासारखा. आत भांडीही गप्प झाली. अमृतने टाळी वाजवली. भीमाने वळून पाहिलं, तर निकिता खोलीत नव्हती.

रविवारी दुपारी ती पिशवी भरून बाहेर आली. अमृत गाडीला किक मारत होता. भीमा पुढे झाला. रात्रभर जुळवलेलं बोलणं ऐनवेळी आठवेना.

"पोरी, चुकलं माझं. मनापासून सांगतो."

"मनापासून?"

"व्हय."

"मग घ्या भगवतीची शपथ."

भीमाच्या कानशिलांत रक्त चढलं. गावात आजवर कोणी त्याच्याकडे शपथ मागितली नव्हती. आपण खरं बोलतोय आणि समोरचं माणूस पुरावा मागतंय, हे इतकं लागतं? त्याला तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. निकिता वाट बघत उभी होती.

"भगवतीची शपथ," तो हळू म्हणाला. "चुकलं माझं. जाऊ नको."

"आता जाते. पुढल्या शनिवारी येते," ती म्हणाली. पदर सावरून तिने रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला आणि गाडीवर बसली. "साखर वरच्या फळीवर हाय, च्याची पावडर तिच्या मागं. आत जाऊन हातानं करून घ्या."