अंगठ्यावरचा क्लच

डॉक्टरबाईंचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला, त्याला आता वर्ष उलटून गेलं होतं. मंडईबाहेर मागे येणाऱ्या ट्रकच्या चाकाखाली तो सापडला होता. या वर्षात त्या कृत्रिम पायावर उभं राहायला शिकल्या, जिना चढायला शिकल्या आणि घराच्या पुढच्या खोलीतला दातांचा दवाखाना त्यांनी पुन्हा उघडला. दात कोरायच्या यंत्राचं पेडल डावीकडून उजवीकडे घेतलं, झालं. पेशंट एकदा आ करून बसला की डॉक्टरांचा कुठला पाय कुठे आहे हे बघायला काही वाकत नाही.

एक गोष्ट मात्र अडून राहिली होती. मागच्या गॅरेजात ताडपत्रीखाली त्यांची गाडी उभी होती. दोघांपुरती, उघड्या टपाची, गडद निळी स्पोर्ट्स कार. बाईंच्या जन्माच्याही आधीची आणि इतकी बुटकी की आत बसताना माणूस खुर्चीत नाही, टबात उतरतोय असं वाटावं. कॉलेज संपल्यावर त्यांनी ती मोडक्या अवस्थेत घेतली होती आणि स्वतःच्या हातांनी चालती केली होती. लांबट नाकामुळे सासूबाई तिला चिचुंद्री म्हणायच्या.

चिचुंद्रीचा क्लच दाबायला डावा पायच लागतो, आणि तो सुद्धा जाणता. कृत्रिम पाय पेडलखाली अडकायचा आणि किती दाबलंय ते कळायचंच नाही.

एका रविवारी सकाळी बाईंचा नवरा एका पाहुण्याला घेऊन गॅरेजात आला. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. स्वभावाने मवाळ, कठीण गोष्ट बोलायची असली की सोबतीला कुणीतरी लागायचंच. आजचे पाहुणे होते जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष. त्यांनी ताडपत्री वर केली, बॉनेटवरून हात फिरवला आणि उसासा सोडला.

"एकही वस्तू बदललेली नाही. सगळी मूळची. माझ्याकडे द्या, मुलीसारखी सांभाळीन."

डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या होत्या. "देणार कोण म्हणालं?"

नवऱ्याने छताकडे पाहिलं.

"मी हातांनी चालणारा क्लच बसवणार आहे," बाई म्हणाल्या. आदल्या रात्रीपर्यंत तो नुसता विचार होता. तोंडातून बाहेर पडला आणि पक्का झाला.

अध्यक्षांना जणू कुणी चिमटा काढला. "अहो, मग ती अस्सल राहणार नाही! कुठलं तरी भंगार जोडून तिचं वाटोळं कराल."

"एक भोकही पाडणार नाही. जी भोकं आहेत त्यांतच बसवीन. उद्या कुणाला काढायचं झालं तर चार बोल्ट सोडवले की गाडी पहिल्यासारखी. पण अस्सल राहून ती ताडपत्रीखाली कुजणार असेल, तर त्या अस्सलपणाला काय चाटायचंय?"

अध्यक्ष चहा न घेताच गेले. नवरा बराच वेळ रेंगाळला.

"अगं, आपली ऑटोमॅटिक गाडी आहे ना. एका पायावर छान चालते."

"चालते. पण तिच्यात मी बसते, आणि हिला मी चालवते. तुला कळतोय ना फरक?"

त्याला तो कळत होता. म्हणून तर तो काळजीत होता.

कामाला सुरुवात झाली ती क्लचपासून नाही. उभ्या उभ्या गाडीची पार रया गेली होती. टाकीत गंज धरला होता, ब्रेक आवळून बसले होते, रबरी नळ्या वाळलेल्या शेंगांसारख्या तडकल्या होत्या. दवाखाना दुपारी बंद झाला की बाई जुना कोट चढवून गॅरेजात जायच्या आणि पाटावर बसून एकेक भाग उकलायच्या. टाकी उतरवून त्यांनी आत सायकलची जुनी साखळी आणि रॉकेल घातलं आणि ती अंगणात गडगडत फिरवली. तो खडखडाट ऐकून सासूबाई आपली वेताची खुर्ची उचलून गॅरेजाच्या दाराशी आल्या.

"आई, इथे धूळ आहे. आत बसा ना."

"आत टीव्हीवर रोज तीच माणसं तेच भांडण करतात. काय धरू ते सांग."

तेव्हापासून टॉर्च धरायचं काम त्यांच्याकडे आलं. मग बोल्ट क्रमाने डब्यांत ठेवायचं आलं. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची वेळ आली तेव्हा सुनेने त्यांना चक्क गाडीत बसवलं. बाई चाकामागे आडव्या, सासूबाई पेडलवर.

"दाबा!"

"दाबलं!"

"धरून ठेवा... आता सोडा."

"एवढ्यात? आत्ता कुठे जोर आला होता."

चारी चाकं झाली तेव्हा सासूबाईंचं पाऊल भरून आलं होतं, पण उतरायला त्या तयार नव्हत्या. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "वेग बरा आहे हं."

गाडी सुरू झाली. इंजिनाला हवा आणि पेट्रोल पाजणारे दोन्ही कार्ब्युरेटर सारखे श्वास घेताहेत की नाही हे बाईंनी रबरी नळी कानाला लावून ऐकलं आणि स्क्रू पाव पाव वळसा फिरवत त्यांचा सूर जुळवला. आता राहिला क्लच.

इंजिन चालू असताना सतत हवा ओढत असतं. ती ओढ वापरायची, असं बाईंनी ठरवलं. दवाखान्यात पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढणारं यंत्र त्या रोज हाताळत होत्या, तेव्हा हवेच्या ओढीत किती जोर असतो हे त्यांना नव्याने शिकायचं नव्हतं. भंगाराच्या बाजारातून त्यांनी एका व्हॅनच्या ब्रेकचा बूस्टर आणला. हा म्हणजे पत्र्याचा गोल डबा. आत रबरी पडदा, पडद्याला दांडा. एका बाजूची हवा ओढली की पडदा सरकतो आणि दांडा खेचला जातो. तो दांडा क्लचला जोडायचा. जोडायच्या पट्ट्या लेथवाल्याने करून दिल्या. पहिल्या दोन चुकल्या, तिसरी बसली. गिअरच्या मुठीवर विजेचं बटण लावलं. बटण दाबलं की क्लच दाबला जाणार, सोडलं की सुटणार.

आणि सुटला तो असा की बंदुकीतून गोळी सुटावी. बाईंनी अंगणात पहिला गिअर टाकून बटण सोडलं मात्र, चिचुंद्रीने पुढची चाकं उचलावीत तशी उडी घेतली आणि समोरच्या भिंतीवर थोबाड आपटलं. दिव्याची काच फुटली, मडगार्डला पोचा आला. सासूबाई खुर्चीसकट मागे सरकल्या.

नवरा आतून धावत आला. शाळेच्या वह्यांवरचं लाल पेन त्याच्या हातातच होतं. बाई सुखरूप आहेत हे बघितल्यावर त्याचा आवाज चढला, जो एरवी कधी चढत नसे.

"बास! पुरे झालं आता. त्या दिवशी मंडईबाहेर मी तुला ओरडून हाक मारली, तुला ऐकू गेली नाही. आज पुन्हा तसाच आवाज ऐकला मी. माझ्यात ताकद नाही गं पुन्हा तसं धावत यायची."

एवढ्या दिवसांत तो हे पहिल्यांदा बोलला होता. बाई गाडीतून उतरल्या, पाटावर बसल्या, कृत्रिम पायाचा पट्टा सैल केला. मांडीला घाम आला होता. त्यांनाही भीती वाटली होती, आणि ती त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता.

"घाबरले मीपण," त्या म्हणाल्या. "पण चूक काय झाली ते मला समजलंय. एकदम सुटतोय तो. हळूहळू सुटायला हवा. मला तेवढं करू दे. आणि पुढच्या वेळी माझ्या शेजारी बस, म्हणजे हाक मारावी लागणार नाही."

तो हो म्हणाला नाही. काचेचे तुकडे मात्र त्यानेच झाडले.

पुढचे काही दिवस बाईंनी सुया, नळ्या, स्प्रिंगा लावून पाहिल्या. कशाने क्लच फार सावकाश सुटे, कशाने अर्ध्यावर अडकून राही. मग एका दुपारी एका वकिलाची दाढ साफ करताना त्यांचा हात मध्येच थांबला. तोंडातलं पाणी ओढणाऱ्या नळीच्या मुठीला एक बारीक भोक असतं. ते उघडं असलं की ओढ तिथूनच निघून जाते. अंगठ्याने झाकलं की नळी जोराने ओढू लागते. अर्धं झाकलं की अर्धी. त्यांचा अंगठा हे काम वर्षानुवर्षं करत होता, न विचारता.

"काही वाईट आहे का?" वकिलाने भरल्या तोंडाने विचारलं.

"छे, उत्तम आहे!" बाई म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की वकिलाला उलट शंकाच आली.

बटण गेलं. त्याच्या जागी अंगठ्याने सरकणारी पितळी पट्टी आली. पट्टी जितकी सरकेल तितकी फट उघडणार, तितकाच क्लच सुटणार. या वेळी नवरा शेजारी बसला, दोन्ही हातांनी सीट धरून. चिचुंद्री अंगणातून अशी सरकली, जशी झोपलेल्या बाळाच्या खोलीतून आई बाहेर पडते.

"झालं?" त्याने डोळे उघडून विचारलं.

"फाटकाबाहेर आलोय आपण."

मग तोही कामाला लागला. बंद पडलेल्या एका कारखान्यामागचा चढ त्यानेच शोधून काढला. कुठली जमीन किती चढते हे त्याच्या पोटापाण्याचंच होतं. तिथे कळलं की गिअरच्या मुठीवरची पट्टी सोडल्याशिवाय हँडब्रेकला हात पोचत नाही. पट्टी स्टिअरिंगमागे गेली. आणि एकदा चढावर असतानाच त्याने विचारलं, "आणि इंजिनच बंद पडलं तर? मग ओढ कुठून आणणार?"

 हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अग्निशमनाच्या रिकाम्या नळकांड्याची टाकी केली आणि एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह लावून ती इंजिन आणि बूस्टरच्या मध्ये बसवली. इंजिन थांबलं तरी दोनदा क्लच दाबता येईल इतकी ओढ तिच्यात साठून राहायची.

बदललेल्या गाडीसाठी नव्याने परवान्याची चाचणी घ्यायला आलेल्या निरीक्षकाला सर्दी झाली होती. त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पितळी पट्टी पाहिली आणि रुमालातून म्हणाला, "असलं काही मी पाहिलेलं नाही."

"मीही नव्हतं पाहिलं," बाई म्हणाल्या.

त्याने गल्ल्यांतून फिरवलं, गाडी मागे घ्यायला लावली, आणि शेवटी उड्डाणपुलाच्या चढावर थांबायला सांगितलं. मागे पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला. "निघा," तो म्हणाला. बाईंनी अंगठा सरकवायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी त्याने हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन गपकन बंद.

गाडी मागे घसरू लागली. बाईंचा उजवा पाय ब्रेकवर आदळला. हँडब्रेक. टँकरने भोंगा वाजवला. अंगठ्याला आपलं काम माहीत होतं. पट्टी ओढली, टाकीने सुस्कारा टाकला, क्लच दाबला गेला. किल्ली. इंजिन धडधडलं. थोडा ॲक्सिलरेटर, अंगठा सैल, हँडब्रेक खाली, आणि चिचुंद्री टँकरला मागे टाकून पूल चढली.

उतारावर निरीक्षक म्हणाला, "मी बंद करणार हे माहीत होतं?"

"नव्हतं. पण माझा नवरा फार काळजी करतो. त्याने हा प्रश्न आधीच विचारला होता."

"हे सगळं बसवलं कोणी?"

"मी. ब्रेक सासूबाईंनी आणि मी."

तो शिंकला आणि त्याने सही केली.

त्या रविवारी नवरा-बायको शहराबाहेरच्या तलावापर्यंत गेले. परत येताना चढावर पाणी उकळू लागलं, म्हणून गाडी झाडाखाली उभी करून बॉनेट उघडावं लागलं. वाफ जायला वेळ होता. जाणारे-येणारे आपली गाडी सावकाश करून बघत होते, काही हात हलवत होते.

"पंखा जुना झालाय," बाई वाकून म्हणाल्या. "विजेचा बसवते. रेडिएटरही उतरवावा लागेल."

नवऱ्याने हात मागे बांधून आत डोकावून पाहिलं. "उतरवायला किती बोल्ट आहेत?"

"बघ ना मोजून," त्या म्हणाल्या, आणि पाना त्याच्या हातात दिला.