मंत्र्यांची सर्दी

मंत्रीमहोदयांना सकाळपासून सात शिंका आल्या होत्या, आणि सातही गाईड कातुशाबेने मोजल्या होत्या. सर्दी झालेल्याने फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा गोरिलांच्या त्या जंगलाचा नियम. माणसाची सर्दी गोरिलांना लागली तर कुटुंबच्या कुटुंब मरतं. आणि सध्या तिच्या कळपात पाच आठवड्यांचं पिल्लू होतं.

"ही सर्दी नाहीच," वॉर्डन बागांबे म्हणाले. "साहेब पहाटे गार बुशेरा प्यायले. ज्वारीची आंबील ती, घशाला बाधतेच."

"आणि नाक वाहतंय ते?"

"कातुशाबे, शहाणपणा पुरे. मुख्य गाईडची जागा कुणाच्या सहीने मिळणार आहे?"

त्या जागेसाठी तिने अकरा वर्षं चिखल तुडवला होता. तिने काठी उचलली आणि मंत्र्यांना घेऊन गोरिलांच्या बरोबर उलट्या दिशेला निघाली.

तीन तास नुसता चढ, काटे आणि मुंग्या. हमालांनी साहेबांना मागून ढकलत वर चढवलं. शेवटी धुक्यात वेलींआड एक जळकं खोड दिसलं, तेव्हा कातुशाबेने ओठांवर बोट ठेवलं.

"तोच! हलू नका साहेब, चिडला तर आवरत नाही."

मंत्र्यांनी श्वास रोखला, मग ते दणकून शिंकले. खोडाने मनावर घेतलं नाही.

गोरिला पाहिलेल्या प्रत्येकाला गाईडच्या सहीचं प्रमाणपत्र मिळतं. कातुशाबेने जन्मात पहिल्यांदा खोटी सही ठोकली. पिल्लू वाचलं, म्हणून मनातून ती खूषही होती.

मंत्री मात्र खाली फाटकाशी जमलेल्या पत्रकारांपुढे फुलले. "त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं! मी पाच पावलांवर शिंकलो, तरी पठ्ठ्या ढिम्म! तुमचा सर्दीचा नियम म्हणजे थोतांड. आजपासून रद्द, हा घ्या लेखी हुकूम! पुरावा हा, प्रमाणपत्र. आणि नवा हुकूम पाळून घेतील आपल्या नव्या मुख्य गाईड, कातुशाबेबाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. वॉर्डन तर तळहात लाल होईपर्यंत वाजवत होते. कातुशाबेने गप्प बसायचं, की झालं. अकरा वर्षांचं सोनं होणार होतं.

"साहेब," ती उभी राहिली, "ते खोड होतं."

"काय होतं?"

"झाडाचं खोड. गोरिला पलीकडच्या डोंगरावर होते. सही माझीच आहे, पण खोटी आहे."

सकाळपासून पहिल्यांदाच पत्रकारांच्या वह्या भराभर उघडल्या. मंत्र्यांनी हुकूम खिशात घातला, आणि तो पुन्हा काही बाहेर आला नाही. काढला असता तर सोबत खोडही निघालं असतं. मुख्य गाईडची जागा वॉर्डनच्या मेव्हण्याला मिळाली. कातुशाबे घरी जाऊन मनसोक्त रडली.

दुसऱ्या दिवशी ती फाटकावर हजर होती. मेव्हण्याला जंगल दाखवायला वॉर्डनसाहेब जातीने आले होते, नाकाला रुमाल लावून. तिने काठी आडवी धरली.

"नियम आहे, साहेब."

मंत्र्यांची सर्दी त्यांना लागली होती.