नाईकांचे तिकीट

सुज्ञ वाचकहो, एका रुंद रस्त्याने एका बसला कसे गिळावयास घेतले आणि त्यावर एका वृद्धाने काय केले, ते येथे यथाशक्ती निवेदन करीत आहे.

तांड्याच्या भीमसिंग नाईकांनी आगारप्रमुखांच्या मेजावर काठी टेकविली व छाती काढून ते उभे राहिले. शेजारी नात दिपा. मागे तांड्याची मंडळी. महामार्ग रुंद झाल्यापासून तांड्याची बस रिकामी धावत होती आणि सोमवारपासून ती बंद होणार होती. दिपाचे कळमनुरीचे महाविद्यालय त्या एका बसच्या आधारावर चालले होते. “बस गेली की कॉलेज बंद. रोज कोण नेऊन सोडणार?” असे तिचा बाप ओमप्रकाश याने बजावले होते.

“सांग गं साहेबाला, अमेरिकेचं,” नाईक म्हणाले.

दिपाने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले.

“दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं लोकांनी मोटारी घेतल्या, शहराबाहेर घरं बांधली. पेट्रोलवरच्या कराचा पैसा सरकारनं रस्त्यालाच लावला, ट्रामला अन् बसला काहीच न्हाई. मग त्या रिकाम्या पडल्या. रिकाम्या हायेत म्हणून बंद केल्या.”

“आयकलं का? एवढी शहाणी अमेरिका, तीबी फसली! अन् तुमी काहून तेच करून राहिले?”

“साहेब, नाईक पास झाले!” मागून तांड्याचा मुन्ना ओरडला. हशा पिकला.

आगारप्रमुख हसले नाहीत. त्यांनी खिडकीचा पडदा सरकविला. बाहेर कडुनिंबाखाली तांड्याच्या मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. पहिलीच्या आरशाला नाईकांची पिशवी लोंबत होती.

“काका, सकाळी तुमच्या बसमधून एकटी ही पोरगी उतरली,” ते सौम्यपणे म्हणाले.

नाईकांनी मेजावरची काठी उचलली.

बाहेर येऊन ओमप्रकाशने किक मारली.

“बापू, बसा लवकर.”

“तू हो पुढं. आमी बसनं येतो.”

“बस तर संध्याकाळी हाय!”

“असू दे. मला काय मुहूर्त गाठायचा हाय?”

संध्याकाळी कंडक्टर जवळ आला, तेव्हा नाईक दिपाशेजारी ताठ बसले होते.

“काका, तुमच्या वयाला अर्धं लागतंय.”

“पुरं दे.”

तितक्यात बाजार आटोपून निघालेल्या मुन्नाची मोटारसायकल हॉर्न वाजवीत बसच्या बरोबरीला आली. नाईकांनी खिडकीतून काठी बाहेर काढली आणि त्याला थांबून बसमध्ये चढण्याची खूण केली.

येथवर सोबत केल्याबद्दल आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

— रामकिशन, मुक्काम पुसेगाव