देवरावांच्या दुकानातला जास्तीचा रकाना

मी एक जुना डेटाबेस आहे. मोबाईलच्या जमान्यात सात-आठ वर्षं म्हणजे म्हातारपणच, पण मित्रांनो, माझी तब्येत ठणठणीत आहे. वणीच्या बसस्थानकाजवळ देवरावांचं पुस्तकांचं दुकान आहे. तिथल्या संगणकात मी राहतो. कोणतं पुस्तक आहे, कोणतं संपलं, कुठल्या कपाटात काय ठेवलं आहे, हे चुटकीसरशी सांगणं माझं काम.

माझ्या आधी हे काम देवरावांचं डोकं करत असे, आणि तेही काही कमी तल्लख नव्हतं. पण ते हळूहळू विसरू लागले. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाईल. सगळं दुकान त्यांच्या डोक्यात होतं. ते विसरले असते, तर दुकानही बंद पडलं असतं. म्हणून त्यांच्या सुनेने, ममताने, मला घडवायला घेतलं. ती कॉलेजात हेच शिकली होती. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, कपाट, असे नीटनेटके रकाने तिने आखले. मी नव्या नवरदेवासारखा ऐटीत होतो.

पहिल्याच सकाळी राजूरच्या कोळसा खाणीतले शंकरसिंग आले. म्हणाले, "आमचा साळा ज्याच्यानं पास झाला, थे पुस्तक द्या."

ममताने मला विचारलं. साळा माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हता.

कोपऱ्यात बसलेले देवराव हसले. "निळ्या पुठ्ठ्याचं गणित. खिडकीखालच्या कपाटात पाह्य. ममता, आपल्या इथं कोणी पुस्तकाचं नाव घेऊन येत नाही वं. लोक काय म्हणतेत, थे लिहून घे. मले आठवते तोवर."

तेव्हा माझ्यात आणखी एक रकाना आला: 'लोक काय म्हणतात'. दुपारी गर्दी नसली की देवराव एकेक पुस्तक हातात घेऊन सांगत आणि ममता टिपून घेई. 'धावजी गुरुजीवालं व्याकरण.' 'बिजलीबाईनं पोरीच्या लग्नात वाटलं थे.' कधी हातातलं पुस्तक ते उलटसुलट करून पाहत, पण काही आठवत नसे. मग ममता ते बाजूला ठेवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या हातात देई. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटे.

पुढे माझं नाव झालं. राळेगावहून, ढाणकीहून फोन येऊ लागले. एक जण नवं सॉफ्टवेअर विकायला आला आणि म्हणाला, हा रकाना फालतू आहे, काढून टाका. ममताने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

देवराव आता घरीच असतात. गेल्या आठवड्यात मुलाचा हात धरून ते दुकानात आले आणि गिऱ्हाइकासारखे समोर उभे राहिले. ममताला त्यांनी ओळखलं नाही.

"बाई, आमची सत्यशीला वाचे थे पुस्तक आहे काय?"

सत्यशीला म्हणजे त्यांची पत्नी. ती जाऊन बरीच वर्षं झाली. ममताने नाव टाइप केलं आणि मी क्षणही दवडला नाही. भरतकामाचं पुस्तक, दारामागचं कपाट. माझ्या त्या रकान्यात देवरावांनीच कधीतरी सांगून ठेवलं होतं: 'सत्यशीलाचं. विकायचं नाही.'

ममताने पुस्तक आणून दिलं. ते खिसा चाचपू लागले.

"तुमचंच आहे, मामाजी," ती म्हणाली.

मित्रांनो, घरातल्या थोरांना आठवतंय तोवर त्यांना विचारून घ्या. मी सगळं जपेन, पण आधी मला कोणीतरी सांगावं लागतं.

देवरावांनी पुस्तकावरून हात फिरवला आणि दुकानभर पाहिलं. "चांगलं चालवता बाई दुकान," ते म्हणाले. "मागितलं थे भेटते."