चांगुणाक्काचं घड्याळ

"पाणी पिऊन पिऊन पोटाची घागर झाली माझी," चांगुणाक्का माझ्या कानाशी कुरकुरली. "टँकर तिसऱ्या दिवशी येतो, अन् तुमी मला तांब्यावर तांब्या पाजताय."

मी बाटलीवर नागूबाईचं नाव लिहीत होते. "हळू बोला आक्का. बाई ऐकतील."

बाई म्हणजे पुण्याच्या डॉक्टर मालिनीबाई. माणसाच्या अंगात एक घड्याळ असतं म्हणे. पहाटे ते रक्तात एक रस सोडतं, त्यानं आपण उठतो; सांजेपर्यंत तो उतरतो. जिवाला घोर असला तर मात्र उतरत नाही. त्या साली जळकोटच्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. त्यांचा रस उतरतो का, हे बाईंना लघवीवरून बघायचं होतं. आम्हा आठ जणींना तीन-तीन बाटल्या दिल्या. पहाटे चार, दुपारी बारा, सांजेला सात. वेळ चुकवायची नाही.

आता ओसरीवर सासरा बसलेला. त्याच्यापुढून बाटली न्यायची कशी? शिवाय साऱ्या आळीत गजराचं घड्याळ एकच, चांगुणाक्काचं. ती एकटी राहायची, दूध सोसायटीत माप घालायची. खडीवर जात नव्हती, म्हणून बाईंच्या यादीतही नव्हती. "आठ घरचं दूध एकाच कॅनात जातंय की," नागूबाई म्हणाली, आणि चोवीस बाटल्या आक्काच्या न्हाणीत गेल्या. लिहिता येणारी मी एकटी, म्हणून नावं मी घातली. अक्षर बरं आलं याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

दीड महिन्यानं बाई पुन्हा आल्या त्या पेढे घेऊनच. सोसायटीच्या खोलीत आम्हाला बसवलं.

"सोमवारी हैदराबादला डॉक्टरांच्या सभेत हे वाचणार आहे मी. आठही जणींचं घड्याळ अगदी सारखं! तिथं चूक निघाली तर माझं नाव कायमचं जाईल. पण तुम्ही वेळ पाळलीत, म्हणून मी निर्धास्त आहे."

"वेळ तर लई पाळली," आक्का बोलून गेली. मी तिला चिमटा काढला.

"पर त्यातनं निघालं काय?" मथुराबाईनं विचारलं.

"रस सांजेला छान उतरतोय. म्हणजे खडीच्या कामाचा तुमच्या जिवाला काही ताण नाही. सरकारलाही तसं कळवणार आहे मी."

नागूबाईचा पेढा तोंडातच राहिला. तिनं आपल्या तळहाताचे फोड बघितले. मग माझ्याकडं बघितलं. मी छताचे पत्रे मोजायला लागले. आक्कानं कॅनचं झाकण पदरानं पुसायला घेतलं. ते आधीच लखलखीत होतं.

"ताण न्हाय व्हय?" नागूबाईनं पेढा गिळला. "बाई, पेढा लई ग्वाड हाय तुमचा. पर सोमवारी ते वाचू नका. त्या समद्या बाटल्या एकट्या चांगुणाक्काच्या हाईत. आमचा त्यात थेंब बी न्हाय."