सोंड कुणाच्या डावीकडं?

मित्रांनो, मी एक जुना गणपती आहे. म्हणजे देव नव्हे हं, देवाची तसबीर. सागवानी फळीवर रंगवलेली. राळेगावजवळच्या एका खेड्यात भगवानराव आणि विमलताई यांच्या घरी, बैठकीच्या भिंतीवर मी राहते. आता राहते. मधली सात वर्षं मी तिथं नव्हते, आणि तेच तर तुम्हाला सांगायचं आहे.

मला घडवलं बोरी अरबच्या पुंडलिकरावांनी. दुकानांच्या पाट्या, पोळ्याला बैलांची शिंगं, ट्रॅक्टरच्या मागची नावं, काय म्हणाल ते रंगवणारा माणूस. पण देवाचं चित्र हाती घेतलं की ते पुरं होईस्तोवर पायात चप्पल घालायचे नाहीत. भगवानरावांच्या ओसरीतच बसून त्यांनी फळी घासली, खडू-डिंकाचा लेप दिला, वाळल्यावर पुन्हा घासली. विमलताई हातातलं काम टाकून बघायला यायच्या.

"हा पाश कायले, पुंडलिकराव?"

"भटकनारं मन बांधाले. अन् हा अंकुश, माहुत हत्तीले वळवते तसं मनाले वळवाले. मोदक म्हंजे गोडी, पन ते कष्टानंतरची. अन् हा चौथा हात तुमच्यासाठी हाये वहिनी. भिऊ नका म्हनते."

डोळे त्यांनी सगळ्यात शेवटी काढले, चतुर्थीच्या सकाळी. मला पहिल्यांदा जे दिसलं ते त्यांचं तोंड, नाकावर शेंदरी रंगाचा डाग लागलेलं. इतक्या प्रेमानं माझ्याकडे पुन्हा कुणी पाहिलं नाही.

पाच वर्षं माझी चैन होती. पाहुणा आला की आधी माझ्यापुढे थांबायचा, मग पाणी प्यायचा. आणि मग एका भादव्यात महालक्ष्म्यांच्या जेवणाला भगवानरावांची थोरली बहीण इंदुताई आल्या. त्यांनी हात जोडले, आणि जोडलेले हात तसेच राहिले.

"अव विमल, सोंड तं उजवीकडं हाये! उजव्या सोंडेचा गणपती लय कडक असते. सोवळं पाळा लागते. कालच मोबाइलवर आलं मले!"

त्याच महिन्यात मुलगा ऋतिक गाडीवरून पडून पाय मोडून घेऊन बसला होता. विमलताईंच्या मनात पाल चुकचुकली, आणि दोन दिवसांत त्या पालीची मगर झाली. पुंडलिकरावांना बोलावणं गेलं. ते एसटीनं आले, मला पाहिलं आणि हसले.

"वहिनी, डावीच हाये. देवाच्या बाजूनं पाहा ना."

"आमाले काय दिसत नाई काय? माह्या उजव्या हाताकडं वळली, तं उजवीच ना?"

भगवानराव म्हणाले, "चूक झाली म्हना अन् मोकळे व्हा. कायले वाद?"

"झाली नाई तं कशी म्हनू?"

चहा तसाच ठेवून ते निघून गेले. मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं हो! पण हत्तीएवढं तोंड असून आवाज नाही.

जुन्या चादरीत गुंडाळून मला माळ्यावर तुरीच्या पोत्यांमागे टाकलं. खालचं बोलणं मात्र सगळं ऐकू यायचं. 'पुंडलिकराव सोंड चुकवते' ही गोष्ट गावोगाव झाली. देवाचं काम त्यांना कुणी देईना. ते ऐकून मला माझीच लाज वाटायची, कारण त्यांच्या बदनामीला कारण मीच होते.

गेल्या वर्षी ऋतिकचं लग्न झालं आणि राखी सून म्हणून आली. दिवाळीच्या आधी माळा झाडताना तिनं मला खाली काढलं.

"ठेव ते, ठेव! उजव्या सोंडेचं हाये!" विमलताई धावत आल्या.

राखीनं ठेवलं नाही. मला भिंतीला टेकवून ती माझ्या शेजारी, माझ्यासारखीच समोर तोंड करून उभी राहिली.

"आई, माहा पदर कोनत्या खांद्यावर हाये?"

"डाव्या. असं काय इचारते?"

"मंग पाहा ना. पदर ज्या अंगाले, सोंड त्याच अंगाले."

विमलताईंनी एकदा पदराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! काय केलं व आमी त्या मानसाचं!"

दुसऱ्याच दिवशी भगवानराव आणि विमलताई मला घेऊन बोरी अरबला गेले. पुंडलिकराव अंगणात बाजेवर बसले होते. साखरेच्या आजारानं दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती. भगवानरावांनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची बोटं रंगाच्या जाड कडेवरून फिरली. हा पाश, हा मोदक. सोंडेच्या वळणावर बोट थांबलं.

"वहिनी, खरं सांगा. डावीच हाये ना?"

अरे देवा! ज्या हातानं मला घडवलं, त्याच हातावरचा त्यांचा भरवसा उडाला होता.

"डावीच हाये," विमलताई रडत म्हणाल्या. "आमीच चुकलो. माफ करा आमाले."

"आधी मले पक्कं ठाऊक होतं," ते म्हणाले. "पन सारेच म्हनून राह्यले होते, चुकलं, चुकलं. मंग मलेच वाटाले लागलं का चुकलं असन. दोन वर्सं आधी आले असते, तं म्या सोता पाह्यलं असतं."



मित्रांनो, आता मी पुन्हा बैठकीत आहे. रोज दिवा लागतो. इंदुताईसुद्धा येऊन हात जोडतात. पण ज्यांनी माझे डोळे उघडले, त्यांना मी आता कधीच दिसणार नाही. म्हणून एवढी विनवणी ऐका. कुणाला चुकला म्हणण्याआधी क्षणभर त्याच्या शेजारी जाऊन, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहा. आणि आपलंच चुकलं होतं असं कळलं, तर त्याच पावली सांगायला जा. त्याला दिसतंय तोवर जा.