कडी काढण्याआधी

आमच्या धंद्यात थापा मारणं यंत्रांनाही शिकवावं लागतं. प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करतो तो कम्पायलर, आणि प्रोग्रॅम आधी त्यालाच विचारतो, तू कोण, कितवी आवृत्ती? नवा कम्पायलर बेधडक जुन्याचं नाव सांगतो, कारण खरं सांगितलं तर जुने प्रोग्रॅम त्याला दारातूनच परत पाठवतात. ही थाप जिथे अंगाशी येते ती जागा शोधून दुरुस्त करणं हे माझं काम.

मला त्या कम्पायलरचा राग कधी आला नाही, कारण रोज संध्याकाळी मीही तेच करत होतो. आई सगळं विसरायला लागल्यापासून आतून कडी लावून बसायची आणि दार वाजलं की विचारायची, "कोण?" मी धाकटा म्हटलं की कडी निघत नसे, थोरला म्हटलं की लगेच निघे. थोरला भाऊ अपघातात गेला त्याला वर्षं लोटली होती, पण तिच्या लेखी मुलगा तो एकच. औषधं द्यायची मी, अंथरूण बदलायचं मी, आणि डोक्यावरून हात फिरायचा तो त्याच्या नावाने. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तिने एकदा मला मी म्हणून घरात घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

मध्यंतरी मला जेवायला वाढता वाढता ती म्हणाली, "धाकटा आत्ताच जेवून गेला बघ. गुणी पोर आहे." मोरीत एक ओलं ताट होतं. तिनेच घेतलं असेल असं मी धरून चाललो.

त्या दिवशी ऑफिसात बिल्ड, म्हणजे सगळा प्रोग्रॅम जुळवून चालता करायचं काम, पुन्हा कोसळलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "अहो, तुमचा क्रम चुकलाय. या कम्पायलरला आधी खरं नाव विचारा, घेतलेलं मग." दोन ओळी खालीवर केल्या आणि आठवडाभराची डोकेफोड मिटली. मला उगाचच उभारी आली.

संध्याकाळी दार वाजवलं.

"कोण?"

"आई, मी धाकटा."

ती दाराशी येऊन हळूच म्हणाली, "धाकटा तर आत जेवतोय."

"थोरला," मी घाईघाईने म्हणालो. "मी थोरला आहे, आई."

कडीला तिचा हात लागल्याचा आवाज आला. आत ताट सरकलं, आणि माझाच आवाज अगदी शांतपणे म्हणाला, "आई, थांब. आधी त्याला खरं नाव विचार."